मदत हवी आहे: लोकता कागदावर हाताचे ठसे पसरतायत

काठमांडूच्या बालगृहात आम्ही स्वयंसेवक शनिवारी (नेपाळात सुट्टी शनिवारची) प्रायोजकांसाठी छोटा कार्यक्रम करतोय. २४ मुलं हाताच्या ठशांची भेटकार्डं बनवतायत. कागद इथलाच, हातानं केलेला लोकता. पोस्टर कलर पातळ केला की तंतूंतून पसरतो, बोटांच्या कडा केसाळ दिसतात. घट्ट ठेवला तर वाळल्यावर घडीवर तडकतो. आधी तुरटीच्या पाण्याचा हात द्यावा की पातळ खळीचा? प्रमाण किती, वाळायला वेळ किती?

कार्डावर मुलांचे फोटो किंवा पूर्ण नावं नसतील. रांगेत उभं करून आभारही म्हणायला लावणार नाही, ते मुलांना फार जड जातं. पुण्याचे प्रायोजक व्हिडिओ कॉलवर अकराला येतील, म्हणजे इथे सव्वाअकरा. त्याआधी ठसे वाळायला हवेत. कृपया लवकर सांगा.