मदत हवी आहे: उथळ पाण्यात लांब काठीला लागलेला मासा जाळीत घ्यायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव पलूस तालुक्यात, अगदी कृष्णेच्या काठाला. पावसाळा सरल्यावर खालच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, कडेला पसरतं. काठापासून पाच-सहा मीटरपर्यंत जेमतेम गुडघाभर खोली, मग एकदम उतार. सकाळी मृगळ आणि सायप्रिनस हे मासे त्या उताराच्या तोंडाशी गाळ उकरत चरतात. आधी बारीक बुडबुडे येतात, मग तेवढ्यापुरतं पाणी चहासारखं गढूळ होतं.

तिथं रीळ लावून शिसं फेकलं की आवाजानेच सगळे पांगतात. म्हणून ६.३ मीटरची बिनरिळाची कार्बन काठी वापरतो. शेंड्याला काठीएवढंच तंगूस (नायलॉनची दोरी), मोराच्या पिसाचं तरंगतं बूच आणि कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी. आमिष अलगद जागेवर ठेवता येतं आणि मासा लागतोही. अडचण त्यापुढची आहे.

डोहात काठी उचलून धरली की मासा खाली बुडी मारतो, काठी वाकते, तो दमतो आणि वर येतो. इथं बुडी मारायला पाणीच नाही. काठी उचलली की त्याचं डोकं बाहेर येतं, तो वरच्या वर फडफडतो आणि त्या हिसक्यात गरी (गळ) निसटते. नाही निसटली तर आडवा सुटतो तो थेट जलपर्णीत. रीळ नाही, त्यामुळे तंगूस सैल सोडायची सोय नाही. दमून कुशीवर आलेला मासासुद्धा काठी पार डोक्यावर उभी केल्याशिवाय जवळ येत नाही. आणि काठी उभी झाली की बुंध्यातला वाक संपतो, सगळा ताण बारीक शेंड्यावर येतो.

पाण्यात दोन पावलं उतरलं तर प्रश्न मिटेल, पण आमच्या पट्ट्यात मगरी आहेत. औदुंबर, अंकलखोप, भिलवडी, ब्रह्मनाळ भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. घोटाभर पाण्यातही मी उतरणार नाही आणि कुणी उतरू नये असंच मला वाटतं. तेव्हा काठावरूनच जमेल असा उपाय हवा. काठी कुठल्या बाजूला धरायची, तंगूस किती ठेवायचं, जाळीचा दांडा किती लांब घ्यायचा? हाताने करून बघितलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

कराडकर:
दादा, उथळ पाण्यात काठी वर उचलायचीच नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. मासा लागला की शेंडा आडवा, पाण्यापासून हात-दीड हात उंचीवर ठेवा आणि बाजूला ओढा. तो डावीकडे पळाला तर काठी उजवीकडे झुकवा. बाजूने ओढ लागली की माशाचं तोंड वळतं आणि तो गोल फिरायला लागतो. वर ओढ लागली की फडफडतो. एवढ्याशा पाण्यात त्याला शांत ठेवणं हेच निम्मं काम आहे.

दुसरं, काठी आणि तंगूस कधीही एका रेषेत येऊ देऊ नका. बिनरिळाच्या काठीत लवचीकपणा असतो तो फक्त वाकात. मासा सरळ समोर पळाला आणि काठी त्याच्या दिशेने गेली की वाक संपला, तंगूस तुटलंच म्हणून समजा. त्याच्याबरोबर काठाने चाला. त्यासाठी बसायच्या आधीच दोन्ही बाजूंची दहा-दहा पावलं जागा मोकळी करून ठेवा. मी कराडच्या प्रीतिसंगमाच्या (कृष्णा-कोयना संगमाच्या) वरच्या अंगाला बसतो तेव्हा आधी लव्हाळे आडवे करतो, मगच काठी उघडतो.

मिरजकर:
तंगुसाचं गणित मांडतो. हात पाण्याच्या पातळीला आणि काठी सरळ आहे असं धरू. ६.३ मीटरची काठी ६५ अंशांत उभी केली तर शेंडा पाण्यापासून ५.७ मीटर उंच आणि तुमच्यापासून २.७ मीटर पुढे असतो. तंगूस काठीएवढं असेल तर ओढ घेणारा मासा शेंड्याच्याही पुढे, म्हणजे तुमच्यापासून पाच मीटरच्या वर राहतो. तेच तंगूस ६० सेंटीमीटरने आखूड केलं तर तो शेंड्याच्या बरोबर खाली, पावणेतीन मीटरवर येतो. फक्त दोन फुटांचा फरक, पण मासा निम्म्या अंतरावर. काठाची उंची आणि काठीचा वाक यांनी आकडे थोडे हलतील, तरी एक उंची वाढवतो आणि दुसरा कमी करतो.

म्हणून तंगूस ५.७ मीटर आणि जाळीचा दांडा तीन मीटर. काठी डोक्यावर न्यावीच लागणार नाही. आमिष बदलताना काठी बुंध्यापासून दोन फूट वर धरली की गरी हातात येते. तुमचा उतार पाच-सहा मीटरवरच आहे, त्यामुळे पोच कमी पडणार नाही.

वाटसरू:
एवढा खटाटोप कशाला? गमबूट घालून उतरायचं की. इतक्या उथळ पाण्यात मगर कुठून येणार?

आटपाडीकर:
वाटसरू, विनंती आहे, असं कुणाला सांगू नका. मगर उथळ पाण्यात निवांत पडून राहते आणि गढूळ पाण्यात हातभर अंतरावरची दिसत नाही. थंडीत तर उन्हाला काठावरच येते. धागाकर्त्यांना आणखी एक सांगतो: पकडलेले मासे पिशवीत घालून पाण्यात लटकवून ठेवू नका. त्या वासाने नको ते जवळ येतं. ओलं पोतं टाकलेली बादली काठापासून लांब ठेवा.

आम्ही नदीवर नाही, तलावांवर मासे धरतो. मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन बसतो. उतरता, मऊ काठ असेल तर आम्ही जाळी वापरतच नाही. मासा कुशीवर झाला की काठी आडवीच ठेवून मागं मागं चालायचं, एका लयीत, न थांबता. तो ओल्या चिखलावर सरकत बाहेर येतो. मध्येच थांबलात की त्याला शेपटीला जोर मिळतो. पण हे खायच्या माशाला, आणि काठाला दगड नसतील तरच. जो सोडून द्यायचाय त्याची खवलं आणि चिकटा असा घासून जातो, त्याला जाळीच हवी.

जाळी घेताना मासा यायच्या आधी ती पाण्यात बुडवून तळाला टेकवून ठेवा. हलवू नका. मासा जाळीवर आणायचा, जाळी माशावर न्यायची नाही. गुडघाभर पाण्यात जाळीची सावली हलली तरी दमलेला मासा परत उसळतो. आणि तीन मीटरच्या दांड्याने मासा वर उचलू नका, दांडा मोडेल. दांडा मागे सरकवत कडं काठाला आणा आणि कड्याला धरून उचला.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. तंगूस आखूड केलं, दांड्यासाठी कळकाची काठी तासून कडं घट्ट बांधलं. आज मृगळ लागला. शेंडा पाण्यालगत ठेवून बाजूला ओढलं, तो तीनदा गोल फिरला, पण एकदाही वर उसळला नाही. काठी कलतीच होती आणि तो जाळीच्या कड्यावरून आपणहून आत आला. कराडकर म्हणतात ते तंतोतंत खरं आहे. जाळीतून काढताना गरी मात्र दोऱ्यात अडकली आणि सोडवायला वेळ गेला. त्याला काही उपाय?

मिरजकर:
रबराचा लेप असलेली जाळी घ्या, तिच्यात गरी रुतत नाही आणि माशाचा चिकटाही कमी जातो.

आणि मळीतून काठी नेताना वर बघा. नदीकाठच्या मोटारींना वीज देणाऱ्या तारा आपल्याकडे जागोजागी आहेत, काही ठिकाणी ११ हजार व्होल्टच्या. कार्बनमधून वीज वाहते आणि तार उच्च दाबाची असेल तर काठी टेकायचीही गरज नसते, जवळ गेली तरी झटका बसतो. काठी बसायच्या जागेवर पोचल्यावरच उघडायची, उठायच्या आधी मिटायची. तार डोक्यावर असेल तर मासे कितीही असोत, ती जागा सोडायची.