ताशी ६५ च्या पुढे कॅराव्हॅन ट्रेलर हेलकावे खातो, उपाय सुचवावा

चिपळूणचा प्रवासी

आम्ही एका ॲक्सलचा छोटा कॅराव्हॅन ट्रेलर घेतला असून भरल्यावर त्याचे वजन साधारण ७५० किलो होते. एसयूव्हीच्या मागे तो जोडून आम्ही रत्नागिरी-पावसमार्गे देवगडकडे जातो. वेग ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे गेला की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या उतारांवर एखादी भरधाव बस आम्हाला ओलांडून जाते तेव्हा आणि दुपारच्या वेळी भाट्ये पुलावर हे हटकून घडते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. पाण्याची ६० लिटरची टाकी मागच्या भिंतीलगत आहे आणि परतताना आंब्याच्या पेट्याही मागील दारापाशीच रचल्या जातात, कारण तेथून चढवणे-उतरवणे सोपे पडते. अशा वेळी थोडा वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो, असे काही जण सांगतात. ते बरोबर आहे का? स्टॅबिलायझर (हेलकावे रोखणारे उपकरण) बसवावा का?

मालवण किनारा

आपल्या वर्णनातील टाकी आणि पेट्या यांतच बहुतेक उत्तर दडलेले आहे. उलाळ भरलेली बैलगाडी जशी जू वर उचलते, तसा मागे जड झालेला ट्रेलर हिचवरचा, म्हणजे गाडी व ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचा, भार कमी करतो आणि मग बाजूने बसलेला लहानसा धक्काही त्याला ॲक्सलभोवती फिरवू लागतो. हिचवर पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतील प्रघात आहे. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के सांगतात. आपल्या ट्रेलरसाठी ७५ किलोंच्या आसपास भार योग्य ठरेल, मात्र टो बारवर (गाडीच्या मागे बसवलेल्या ओढण्याच्या दांड्यावर) कोरलेली उभ्या भाराची मर्यादा ओलांडू नये.

हा भार घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना ओट (अडवणारा दगड) लावावी आणि काट्यावर मजबूत लाकडी ठोकळा ठेवून त्यावर कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, गाडीला अडकणारी पकड) टेकवावा. कपलरची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. एकूण वजनासाठी चिरे-वाळूचे ट्रक तोलतात तो वजनकाटा पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मागचे वजन तोलण्यासाठी तेवढेच वजन पुढच्या टोकाला टाकले, तर हिचचा आकडा बरोबर येतो, पण दोन्ही टोकांना जड झालेला ट्रेलर एकदा झुलू लागला की लवकर थांबत नाही. जड सामान ॲक्सलच्या वर, किंचित पुढे आणि शक्य तितके खाली ठेवावे. आंब्याच्या पेट्याही तेथेच ठेवून पट्ट्याने बांधाव्यात.

घाटवाट

वेग वाढवण्याचा सल्ला कृपया पाळू नये. प्रत्येक ट्रेलरला एक मर्यादा-वेग असतो. त्याखाली हेलकावे आपोआप विरतात आणि त्यावर ते वाढत जातात. वेग वाढवल्याने क्षणभर ओढ बसून ट्रेलर सरळ झाल्यासारखा वाटतो, परंतु आपण त्या मर्यादेच्या अधिक पलीकडे जातो आणि उतारावर तर परतीचा मार्गच उरत नाही.

हेलकावे सुरू झाले की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, स्टिअरिंग सरळ व घट्ट धरावे आणि ट्रेलर ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवण्याचा मोह आवरावा, कारण आपले वळवणे नेहमी थोडे उशिरा पडते आणि झोल वाढवते. ट्रेलरला ब्रेक नसताना गाडीचा ब्रेक जोरात दाबल्यास मागचे वजन गाडीची शेपटी बाजूला ढकलते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा.

भाट्ये पुलावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा पुलाला आडवा लागतो आणि ट्रेलरची उंच सपाट बाजू तो सगळा झेलते. तेथे ताशी ४० च्या आत राहावे. शक्य असल्यास पूल सकाळी, वारा पडलेला असताना पार करावा. ट्रेलरच्या आणि गाडीच्या मागच्या टायरमधील हवा थंड असताना तपासावी, कारण मऊ टायरच्या भिंती बाजूला कलतात आणि झोल वाढतो.

चिपळूणचा प्रवासी

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. पेट्या नसताना, पण टाकी भरलेली असताना हिचवर केवळ २८ किलो भार आला. टाकी रिकामी केल्यावर तो ६४ झाला आणि मागचा अवजारांचा डबा ॲक्सलच्या पुढे आणल्यावर ७२. आता टाकी ॲक्सलवर हलवण्याचे काम फॅब्रिकेटरकडे दिले आहे. स्टॅबिलायझरचा प्रश्न मात्र राहिला.

मालवण किनारा

टाकी हलवल्यावर ती भरून पुन्हा मोजावे आणि स्टॅबिलायझरचा विचार त्यानंतर करावा. घर्षणावर चालणारा स्टॅबिलायझर वाऱ्याचे आणि बसचे धक्के शमवतो. चुकीची भरणी तो झाकतो आणि अधिक वेगावर ती एकदम उघडी पडते. बसवलाच, तर टो बॉलवरील (कपलर ज्यावर बसतो त्या गाडीच्या गोळ्यावरील) ग्रीस पूर्ण पुसावे, कारण त्याचे पॅड कोरड्या बॉलवरच पकड घेतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कोरडा बॉल लवकर गंजतो, त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वी तो घासून साफ करणे ओघाने आले. बॉल ५० मिलिमीटरचा आहे की दोन इंची, हेही कपलरवरील खुणेशी पडताळावे. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर सैल बसतो.