नेक्स्टक्लाउड २७ वरून ३१, पोस्टग्रेस १३ वरून १६: आधी काय हलवायचं?

ढगफुटी (प्रश्न)

डॉकर कम्पोजवर (अनेक कंटेनर, म्हणजे ॲप चालवायचे बंदिस्त डबे, एका फाइलवरून चालवणारं साधन) चालणारं एक इन्स्टॉलेशन आहे. नेक्स्टक्लाउडची (स्वतःच्या सर्व्हरवर फाइल्स ठेवायचं ॲप) २७ची अपाचीवाली इमेज (कंटेनर बनवायचा तयार साचा, वेब सर्व्हरसकट), पोस्टग्रेस १३ (डेटाबेस), रेडिस (कॅश) आणि नेक्स्टक्लाउडच्याच इमेजवर चालणारा, ठरावीक वेळी कामं करणारा वेगळा क्रॉन कंटेनर. फाइल्स साधारण ४०० जीबी, डेटाबेस ६ जीबी. पोस्टग्रेस १३चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे आता दोन्ही वर न्यायचं आहे: नेक्स्टक्लाउड ३१ आणि पोस्टग्रेस १६.

टेस्ट सर्व्हरवर कम्पोज फाइलमध्ये दोन्हींचे टॅग (इमेजची आवृत्ती) एकदम बदलले. डेटाबेसचा कंटेनर सुरू होऊन लगेच मरतो. लॉगमध्ये येतं की डेटा डिरेक्टरी १३ने तयार केली आहे आणि ती १६शी जुळत नाही. नेक्स्टक्लाउडचा कंटेनरही '२७ वरून ३१वर अपग्रेड सपोर्टेड नाही' म्हणून थांबतो. क्रम काय ठेवायचा, आणि ४०० जीबीच्या फाइल्सना हात लावावा लागेल का?

---

डम्पमास्तर

दोन्ही कंटेनर थांबले ते बरंच झालं, कारण त्यामुळे काहीच बिघडलेलं नाही. टॅग पुन्हा १३ आणि २७ करा, सगळं पूर्वीसारखं उठेल.

आधी ॲप, मग डेटाबेस. २७ला चालणाऱ्या डेटाबेसच्या यादीत पोस्टग्रेस १६ नाही, पण ३१ला १३ चालतो. म्हणजे १३वर राहूनच ३१पर्यंत जाता येतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम हलवलं आणि लॉगिन होईना, तर दोष कुठे आहे हे शोधण्यातच रात्र जाते.

नेक्स्टक्लाउड मेजर आवृत्त्या ओलांडू देत नाही. २७ची शेवटची पॉइंट रिलीज, मग २८, २९, ३०, ३१. डॉकरच्या इमेजमध्ये वेब अपडेटर वापरायचा नाही. टॅग बदलून पुल करायचं. कंटेनर उठताना स्क्रिप्ट व्हॉल्यूममधली (कंटेनर बदलला तरी टिकणारी साठवण) जुनी आवृत्ती आणि इमेजमधली नवी यांची तुलना करते, कोड कॉपी करते आणि 'ओसीसी अपग्रेड' (ओसीसी म्हणजे नेक्स्टक्लाउडची कमांड-लाइन) स्वतःच चालवते.

प्रत्येक पायरीला हे करा:

क्रॉन कंटेनर थांबवा. मेंटेनन्स मोड चालू करा. डेटाबेसचा डम्प (सगळ्या डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) घ्या, कॉन्फिग फोल्डरची कॉपी घ्या. मग टॅग बदला, फक्त ॲपचा कंटेनर उठवा आणि लॉग वाहता ठेवून बघत बसा. पाच मिनिटं काही हललं नाही म्हणून कंटेनर मारू नका. फाइलकॅशचं (सगळ्या फाइल्सच्या नोंदींचं) टेबल मोठं असेल तर एखादी मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) तेवढा वेळ गप्प बसते, आणि अर्ध्यात तोडलेली मायग्रेशन पुढे फार छळते. मेंटेनन्स मोड आधीपासून चालू असेल तर अपग्रेड संपल्यावरही तो तसाच राहतो, हाताने बंद करावा लागतो. 'अपग्रेड झालं पण साइट उघडत नाही' या तक्रारींमागे अनेकदा एवढंच असतं.

त्यानंतर ओसीसीने राहिलेले इंडेक्स आणि कॉलम टाकून घ्या. नव्या आवृत्तीशी न जुळणारी ॲप्स अपग्रेड स्वतःच बंद करतं, त्यामुळे ॲपची यादी काढून बंद झालेली कोणती ते पाहा, सगळी अपडेट करा आणि मगच पुढची पायरी चढा. क्रॉनचा टॅगही ॲपसोबत बदलायचा. कोड एका आवृत्तीचा आणि कंटेनर दुसऱ्याचा असं राहू देऊ नका.

फाइल्सना हात लागत नाही. पण मागे यायचं झालं तर डाउनग्रेड नावाची सोय नाही. जुना डम्प, जुना कोड आणि जुनं कॉन्फिग असे तिन्ही एकाच क्षणाचे लागतात. म्हणून डम्प प्रत्येक पायरीला.

---

इंडेक्स_शोधक

वरच्यात एक भर. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावून एफपीएमची (वेब सर्व्हर नसलेली, फक्त पीएचपीची) इमेज चालवणाऱ्यांनी २८वर जाताना कॉन्फिगमध्ये एमजेएस या एक्स्टेंशनला जावास्क्रिप्टचा माइम टाइप (फाइलचा प्रकार सांगणारी खूण) द्यावा. नाही दिला तर अपग्रेड व्यवस्थित होतं आणि वेब पान मात्र अर्धंच चालतं, बटणं दाबून काही होत नाही. अपाचीच्या इमेजला हे लागत नाही.

३१वर पोचल्यावर ॲडमिनच्या ओव्हरव्ह्यू पानावर माइम टाइप मायग्रेशनची सूचना दिसली तर मेंटेनन्स रिपेअर 'इन्क्लूड एक्स्पेन्सिव्ह' पर्यायासह चालवा. नेहमीच्या अपग्रेडमध्ये हे मुद्दाम वगळलेलं असतं कारण वेळ खातं.

---

डम्पमास्तर

आता डेटाबेस. पीजी-अपग्रेड (डम्प न घेता डेटा नव्या आवृत्तीत नेणारं साधन) चांगलं हत्यार आहे, पण त्याला जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांचे बायनरी एकाच जागी लागतात, आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये एकच आवृत्ती असते. ६ जीबीसाठी तो खटाटोप कशाला? डम्प आणि रिस्टोअर करा.

१. ॲप आणि क्रॉन थांबवा, डेटाबेस चालू ठेवा.

२. पीजी-डम्पऑल चालवून आउटपुट होस्टवरच्या फाइलमध्ये घ्या. कम्पोज एक्झेकला (कंटेनरच्या आत कमांड चालवणारी कमांड) कॅपिटल टीचा पर्याय द्याच. नाही दिला तर मध्ये टर्मिनल येतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न घुसतो आणि डम्प बिघडतो. फाइलच्या शेवटच्या काही ओळींत 'डेटाबेस क्लस्टर डम्प कम्प्लीट' दिसलं पाहिजे. ते नसेल तर डम्प अर्धवट आहे, डिस्क भरली का ते बघा.

३. डेटाबेस थांबवा. इमेज १६ करा आणि व्हॉल्यूमचं नाव नवं द्या. जुन्याला धक्का लावू नका, परतीचा रस्ता तोच आहे. कम्पोज डाउनला व्हीचा पर्याय चुकूनही देऊ नका, नाव दिलेले व्हॉल्यूमही त्याने पुसले जातात.

४. फक्त डेटाबेसचा कंटेनर उठवा, पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसची कमांड-लाइन) डम्प भरा आणि एरर वेगळ्या फाइलमध्ये घ्या. रोल (डेटाबेसचा युजर) आणि डेटाबेस आधीच अस्तित्वात असल्याच्या दोन एरर येतील, कारण इमेजने ते आधीच बनवलेले असतात. त्या सोडून एकही एरर नको.

५. व्हॅक्यूमडीबी सगळ्या डेटाबेसवर फक्त ॲनलाइझसाठी चालवा. डम्पमधून स्टॅटिस्टिक्स येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आंधळा असतो. 'नवा पोस्टग्रेस जुन्यापेक्षा मंद' असं वाटतं ते यामुळेच.

१६ची इमेज नव्याने पुल केलेली असू द्या. ऑगस्ट २०२५च्या सुरक्षा अपडेटपासून डम्पमध्ये 'रिस्ट्रिक्ट' नावाची बॅकस्लॅशवाली ओळ येते. डम्प अलीकडच्या १३ने काढला आणि भरायला जुनी १६ वापरली, तर तिथला पीएसक्यूएल ही कमांड ओळखत नाही.

---

ढगफुटी

टेस्ट सर्व्हरवर ३१पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या नीट झाल्या. डम्पही भरला, एरर त्या दोनच. पण ॲप उठवल्यावर 'इंटर्नल सर्व्हर एरर' येते, आणि डेटाबेसच्या लॉगमध्ये ओसी_ॲडमिन या युजरसाठी पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल दिसतं. कम्पोज फाइलमध्ये तर युजर नेक्स्टक्लाउड आहे. हा ओसी_ॲडमिन आला कुठून?

---

इंडेक्स_शोधक

पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळी नेक्स्टक्लाउडला दिलेल्या डेटाबेस युजरकडे रोल बनवायचा अधिकार असला, तर ते स्वतःसाठी वेगळा युजर बनवतं. 'ओसी_' आणि पुढे ॲडमिनचं नाव. कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये डीबीयुजर बघा, तोच असेल. म्हणूनच इथे नुसता पीजी-डम्प (एकाच डेटाबेसचा डम्प) पुरत नाही, त्यात रोल येत नाहीत.

लॉगमध्ये त्या एररच्या खालची डिटेलची ओळ वाचा. तिथे 'व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट' नसल्याचं लिहिलेलं असेल. १३ मध्ये पासवर्ड डीफॉल्टने एमडी५ हॅश करून ठेवले जायचे, १४पासून स्क्रॅम-शा-२५६ या नव्या पद्धतीने. डम्पऑलने जुना एमडी५ हॅश जसाच्या तसा आणला, आणि नव्या इमेजची एचबीए फाइल (कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी) नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकाला स्क्रॅमच मागते. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही.

कंटेनरच्या आत लोकल सॉकेटवरून पासवर्डशिवाय जाता येतं. पीएसक्यूएल उघडा, आल्टर रोलने ओसी_ॲडमिनला कॉन्फिगमधलाच डीबीपासवर्ड पुन्हा द्या. तो आता स्क्रॅममध्ये साठवला जाईल. नेक्स्टक्लाउड या युजरलाही तसंच करा, डम्पने त्याचाही हॅश बदललेला आहे. एचबीएमध्ये एमडी५ लिहूनही काम भागतं, पण तो उपाय कशाला करायचा?

तिथेच असताना आणखी एक करा. १५पासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमावर (टेबलं ठेवायची डीफॉल्ट जागा) कोणालाही टेबल बनवायचा हक्क मिळत नाही, फक्त डेटाबेसच्या मालकाला मिळतो. तुमच्याकडे मालक नेक्स्टक्लाउड आणि काम करणारा ओसी_ॲडमिन. जुनी टेबलं त्याचीच असल्यामुळे आज सगळं चालेल. पुढच्या अपग्रेडला नवं टेबल बनवताना 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' येईल, आणि तोवर हे स्थलांतर कोणाच्या लक्षातही नसेल. पब्लिक स्कीमावर यूसेज आणि क्रिएट हे दोन्ही ग्रँट ओसी_ॲडमिनला आत्ताच देऊन टाका.

---

रात्रीचा_क्रॉन

१६ऐवजी थेट १८वर उडी मारली तर?

---

डम्पमास्तर

आपल्या नेक्स्टक्लाउड आवृत्तीच्या सिस्टिम रिक्वायरमेंट्समध्ये १८ असेल तर पद्धत हीच. फरक माउंटचा. १८च्या इमेजमध्ये व्हॉल्यूम 'व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएल' या फोल्डरवर जोडायचा, त्याच्या आतल्या 'डेटा'वर नाही. डेटा आता आवृत्तीच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये राहतो. जुनी कम्पोज फाइल फक्त टॅग बदलून चालवायला जाऊ नका.

आणि अल्पाइनच्या इमेजवरून डेबियनच्या इमेजवर (लिनक्सचे दोन प्रकार) जाणार असाल तर डेटा डिरेक्टरी तशीच उचलून नेऊ नका, आवृत्ती एकच असली तरी. दोन्हींची सी लायब्ररी वेगळी, त्यामुळे अक्षरांचा सॉर्टचा क्रम वेगळा. मजकुरावरचे इंडेक्स गुपचूप चुकतात आणि असलेली ओळ सापडत नाही. डम्प-रिस्टोअरमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात, म्हणून तिथे ही भानगड नाही. डिरेक्टरी आधीच उचलून नेली असेल तर आज रीइंडेक्स डेटाबेस चालवा. युनिक इंडेक्सवर डुप्लिकेटची एरर आली, तर त्या ओळी आधी हाताने निवडाव्या लागतील.