मदत हवी आहे: रेंज स्लॅबवर, बोर्ड खाली, लॅपटॉपले मोबाईलचं नेट द्यायचं कसं?

नमस्कार मंडळी, दिग्रसच्या पुढं अरुणावती धरणाच्या बाजूनं आमचं गाव हाय. मी टॅलीचा ऑनलाईन क्लास लावला, त्यासाठी मामेभावाचा जुना लॅपटॉप आणला, विंडोज १० वाला, बॅटरी पूर्ण मेलेली, चार्जर काढला की गप्पकन बंद. म्हणजे तो बोर्डाजवळच ठेवा लागते आन बोर्ड खालच्या खोलीत. रेंज मात्र खाली येतच नाही, एखादी दांडी आली तं आली. स्लॅबवर टाकीजवळ गेलं की फोर-जी फुल. मोबाईल वर, लॅपटॉप खाली, मधात स्लॅब, अशी गंमत हाय.

लॅपटॉपच वर नेऊन बस, हे सांगू नका, करून पाहिलं. मे महिना चालू हाय, नऊ वाजले की स्लॅबवर पाय ठेवता येत नाही आन स्क्रीनवर आपलंच तोंड दिसते. संध्याकाळी जावं तं नेमकी लाईन जाते.

आता अडचण अशी की माह्या फोनचा हॉटस्पॉट भावाच्या मोबाईलमधी दिसते, लॅपटॉपमधी त्याचं नावच येत नाही. काहून? बाबांच्या जुन्या फोनचा लावला तं तो दिसला, जुळला पण, पण त्यांचा दिवसाचा दीड जीबी अर्ध्या घंट्यात खतम! मी लेक्चर उघडलं पण नव्हतं हो. मंग ६४ केबीपीएस, एक पान उघडेपर्यंत चहा होऊन जाते. बाबा म्हणे काय पाहून राहिली होती एवढं? आता त्यांले काय सांगू.

वायरीनं पण पाहिलं, यूएसबी टेदरिंगचं (वायरीतून मोबाईलचं नेट लॅपटॉपले द्यायचं) बटण फिकटच दिसते, दाबल्या जात नाही. वायर बाजारातली हाय, ५० रुपयाची. फायबर वगैरे गावात नाही, तो सल्ला नको.

वऱ्हाडी पोट्टा
ताई, वायफायच्या लहरी दोन बँडच्या असते, २.४ आन ५ गिगाहर्ट्झ. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट ५ वर असंन. जुन्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाले बहुतेक २.४ च समजते, ५ वालं नाव त्याले दिसतच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमधी बँड म्हणून असते, तिथं २.४ करा. तसंही २.४ भिंतीतून, स्लॅबातून ५ पेक्षा बरं निघते, तुमचं तं तेच काम हाय. आन सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाची नवी पद्धत) दिसलं तं जुनी डब्ल्यूपीए२ करून पाहा, माह्या डबड्याले त्यानंच अडवलं होतं.

संत्राबर्फी
दीड जीबी तुम्ही नाही, बहुतेक अपडेटनं खाल्ला. लॅपटॉपला काय माहीत हे मोबाईलचं नेट आहे, वायफाय दिसलं की साचलेलं सगळं ओढायला लागतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले, पण मामेभावानं वर्षभर उघडलाच नसेल तर त्याआधीचं असेलच की बाकी. सेटिंग, मग नेटवर्क, मग वायफाय, तिथं हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे नेट मोजकं आहे हे लॅपटॉपला कळतं. बाबांच्या फोनसाठी वेगळं करावं लागेल, दर नावाला वेगळं असतं. वनड्राइव्ह (फाईली आपोआप नेटवर चढवणारं) चालू असेल तर तेही पॉज करा. बाबांना काय सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा 😄

जुनाट मिस्त्री
त्या वायरीत डेटाच्या दोन तारा नसतीलच, नुसत्या चार्जिंगच्या दोन. फोनला वाटतं चार्जर लावला, म्हणून बटण फिकट. डेटावाली घ्या, कधी ना कधी लागते, फोनही चार्ज होतो. पण आता तुमच्या कामाची नाही, साधी यूएसबी २ ची वायर ५ मीटरच्या वर डेटा नीट नेत नाही आणि टाकीपासून जिन्यानं खाली यायला तेवढी पुरणार नाही. ब्लूटूथचं तर नावच नको, फार हळू. हॉटस्पॉटच बरा. फोन टाकीजवळ न ठेवता जिन्याच्या तोंडाशी ठेवा, म्हणजे मधे स्लॅब कमी येईल, पॉवर बँक लावा आणि सावली पाहा, फोन तापला की स्वतःच हॉटस्पॉट बंद करतो. काही फोनमध्ये कोणी जुळलेलं नसलं तर दहा मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचं सेटिंग असतं, तेही काढून टाका, नाहीतर दिवसभर जिना चढत बसाल.

धागाकर्ती
२.४ केलं आन नाव दिसलं!!! मीटर्ड पण केलं, आज पूर्ण लेक्चर पाहून ४०० एमबीच गेले. वऱ्हाडी भाऊ, बर्फीताई, मिस्त्रीकाका, लय उपकार झाले.

पण आता नवीन लफडं. जिन्याच्या तोंडाशी वानरं येतात, काल एकानं पॉवर बँकेची वायर ओढली. म्हणून मी फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, तं नेटच गायब. झाकण काढलं की येते. हे काय नवीन?

जुनाट मिस्त्री
अहो ताई, धातूचा बंद डबा म्हटल्यावर ना टॉवरची लहर आत जाणार, ना हॉटस्पॉटची बाहेर येणार. प्लास्टिकचं काहीतरी घ्या आणि भरपूर भोकं पाडा, नाहीतर आत उकडून बंद पडेल.

संत्राबर्फी
वानरांचं सेटिंग कुठं असतं ते मलापण सांगा, आमच्या गच्चीवर पापड वाळू देत नाहीत.

धागाकर्ती
आईले लोणच्याची बरणी मागितली तं तिनं माह्याकडं असं पाहिलं की पुसू नका. मंग रंगाची रिकामी बादली सापडली, प्लास्टिकची, तिले खिळा तापवून भोकं पाडली. नेट चालून राहिलं, दोन दिवस झाले.

बाबांले अपडेटचं समजावून सांगितलं. ते म्हणे मशीन आपलं आपण खाते काय. पूर्ण विश्वास काही बसला नाही. पण काल वानरांनी बादली फोनसकट लोटली, तवापासून क्लासच्या टायमाले ते स्वतःच काठी घेऊन जिन्यात बसते. म्हणे, वावरात डुकरांची जागल कमी होती का, आता घरी नेटची लागली.