मदत हवी: खुराड्यात खाली काय घालू? पेंढा कुजतोय, वास आवरत नाही

डिचोलीकर
मंडळी जरा लवकर सांगा. घरामागच्या खुराड्यात खाली काय घालायचं? मी पेंढा घालतोय पण दोन दिवसांत नुसता चिकचिकाट, वर पांढरी बुरशी आणि दार उघडलं की डोळ्यांत पाणी येईल असा वास. शेजारची वहिनी कालच बोलून गेली. तूस, भुसा, रेती की कोकोपीट? व्हिडिओत लाकडाची सालपटं दाखवतात, ती इथे कुठे मिळणार. एकच काय ते सांगा, उद्या म्हापशाच्या बाजाराला जातोय, येताना घेऊन येईन.

सत्तरीकर
कोंबड्या किती? खुराडं केवढं? खाली माती आहे की कोबा? काहीच न सांगता नुसतं काय घालू विचारलं तर सांगणार काय?

कुळागर
तूस. दुसरं काही बघूच नका. आमच्याकडे कायम भाताचं तूसच, गिरणीवाला पोती भरून देतो. तूस मोकळं राहतं, हाताने वरखाली करता येतं, लवकर सुकतं. पेंढ्याच्या लांब काड्या एकात एक अडकून चटई होते, वरून सुकी दिसते आणि खाली सगळं सडत असतं. पेंढाच घालायचा असेल तर कोयत्याने दोन-दोन इंच तोडून घाला. आणि बुरशी आलेला पेंढा आधी बाहेर काढा, आत्ता, उद्या नाही. ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते.

फोंड्याची_सून
सालपटं मिळत नाहीत कोण म्हणतं? कुठल्याही सुताराकडे रंधा मारल्यावर ढीग पडलेला असतो, फुकट नेऊ देतात. तुसापेक्षा ती ओल जास्त ओढतात, मी दोन्ही वापरलंय म्हणून सांगते. फक्त प्लायवूडचं किंवा पॉलिश मारलेल्या लाकडाचं नको.

कुळागर
ताई, आमच्या भागातला सुतार सगळं प्लायवूडचंच काम करतो हो. आणि करवतीचा बारीक भुसा लोक सालपटं समजून आणतात, त्याची धूळ कोंबड्यांच्या नाकात जाते, पिल्लं तर खायलाच लागतात.

फोंड्याची_सून
मी भुसा म्हटलंच नाही. सालपटं म्हटलं. नीट वाचा.

डिचोलीकर
बारा गावठी आणि एक कोंबडा. कोबा आहे, वर पत्रा. रेतीचं कोणीच सांगितलं नाही?

वाळपईचो
रेती उन्हाळ्यात छान, चाळणीने विष्ठा उचलता येते. पावसात एकदा भिजली की सुकतच नाही, थंडगार राहते. आणि दर्यावरची रेती चुकूनही आणू नका, मीठ हवेतली ओल ओढतं. कोकोपीटचंही तेच, पाणी पिऊन बसतं, जुलैत ते सुकवणार कुठे?

पेडण्याचो_पोरगो
कोणाकडे कडकनाथची पिल्लं आहेत का? काय भावाने?

बाणावलीची_माई
चुना मारा बाबा. आमची आई पावसाळ्यात चुना भुरभुरायची, वासबीस काही नाही.

सत्तरीकर
माई, सुक्या कोब्यावर, गादी म्हणजे तूस-पेंढ्याचा थर घालायच्या आधी चुना मारला तर ठीक. ओल्या विष्ठेवर चुना पडला तर अमोनिया उलट जास्त सुटतो. आणि कळीचा चुना असेल तर पाय भाजतात कोंबड्यांचे.

बाणावलीची_माई
इतकी वर्षं कोंबड्या पाळल्या, कोणाचे पाय भाजले नाहीत.

कुळागर
माई म्हणतात तो विझवलेला चुना असणार. पण वासाचं सत्तरीकर बरोबर सांगतायत.

डिचोलीकर
अहो चुन्याचं नंतर भांडा. तूस की सालपटं?

निवृत्त_पशुसेवक
डिचोलीकर, मला आधी ह्याची उत्तरं द्या. पाण्याचं भांडं कुठे ठेवता? पाऊस आत येतो का? एखादी कोंबडी पंख पाडून, अंग फुलवून कोपऱ्यात बसते का? विष्ठेत रक्त दिसतं का?

डिचोलीकर
पाणी आतच, खाली टबात. पश्चिमेची पूर्ण बाजू जाळीची आहे, वारं सुटलं की झड येते थोडी, ते चालायचंच. दोघी बसलेल्या असतात खऱ्या, मला वाटलं खुडूक झाल्या. विष्ठा तांबूस दिसते मधे मधे. पण ह्याचा गादीशी काय संबंध?

निवृत्त_पशुसेवक
सगळा संबंध आहे. ती रक्ती हगवण असू शकते. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि उबदार ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात, मग कोंबडी टोचा मारता मारता तेच खाते. आजची ताजी विष्ठा डबीत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जा, त्या दोघींना वेगळं ठेवा. औषध पाण्यातून देतात पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. म्हापसा राहू दे उद्या.
गादीचं म्हणाल तर तूस घाला नाहीतर सालपटं, तो टब तसाच राहिला तर दोन्ही कुजणार. कोंबड्या टबात पाय घालतात, पाणी उडवतात, त्यातच हगतात. भांडं टांगा, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर. झडीच्या बाजूला माडाची विणलेली चुडतं (झावळ्या) नाहीतर ताडपत्री बांधा पण वरची वीतभर जागा उघडी ठेवा, सगळं बंद केलंत तर अमोनिया आत कोंडेल. आणि वास बघायचा तर दारात उभं राहून नाही, आत उकिडवं बसून बघायचा, कोंबडीचं नाक तिथे असतं. तिथे डोळे चुरचुरले म्हणजे त्यांचे रात्रभर चुरचुरतात.

फोंड्याची_सून
काका, थर किती घालायचा? आमच्याकडे ह्याच्यावरून घरात वाद आहे.

निवृत्त_पशुसेवक
सुरुवात तीन-चार इंच, मग वरून थोडं थोडं वाढवत जायचं. पावसाळ्यात रोज पंजाने वरखाली करा. मूठभर उचलून आवळा, सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तेवढा भाग काढून सुकं घाला. मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट तरी जागा लागते, त्याहून दाटी असेल तर कुठलीच गादी टिकणार नाही.

म्हापशेकार
मी तर गादीच काढून टाकली. बांबूच्या पट्ट्यांचा माच केलाय, विष्ठा खाली पडते, माडांना घालतो.

वाळपईचो
ताजी घालता? मुळं जळतील. तीन-चार महिने कुजू द्या आधी.

म्हापशेकार
माड कुठे जळतो हो. मिरचीला नाही घालत.

पेडण्याचो_पोरगो
कडकनाथचं कोणी सांगेल का?

सत्तरीकर
भाऊ, जुन्या गोव्याला एला इथे किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. आपल्या पावसात पाळायचा तर आधी हा धागा पूर्ण वाचा.

डिचोलीकर
दवाखान्यात जाऊन आलो. रक्ती हगवणच निघाली, सगळ्यांनाच पाण्यातून औषध दिलंय. भांडं टांगलं, ताडपत्री बांधली, पेंढा सगळा काढून कोबा घासला. आता गिरणीतून तूस आणलं तर पोत्याचा तळ ओला लागतोय. घालू का तसंच?

कुळागर
अजिबात नाही. ओला भाग वेगळा काढा, बाकीचं घरात पंख्याखाली पसरा, हात घातल्यावर कोरडं लागलं की मगच घाला. पुढच्या वेळी वायंगण (उन्हाळी पिकाचं) भात भरडतात तेव्हाच, मे महिन्यात पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरतो तेव्हा, पोती भरून माळ्यावर टाका. आत्ता गिरणीत सुकं मिळणं कठीण. डिचोलीत कुठे राहता? साखळीच्या बाजूला असाल तर माझ्याकडची दोन पोती घेऊन जा, सुकी आहेत.