शेवटच्या छोट्या विमानाचं तिकीट वेगळं काढावं का?

खाडीकाठ
आधी ११ तासांचं विमान, मग ९ तासांचं, आणि शेवटी मुख्य बेटावरून लहान बेटाकडे ४० मिनिटांचं छोटं विमान. हा शेवटचा टप्पा वेगळा काढला तर बराच स्वस्त पडतो. मध्ये सव्वादोन तास मिळतात. पुरतील का? आणि परतीच्या दिवशी सकाळी डायव्हिंग करून दुपारी निघता येईल का?

होकायंत्र
पुरणार नाहीत. हिशेब मांडून बघा. विमान टेकल्यापासून दार उघडेपर्यंत १५ मिनिटं, इमिग्रेशनच्या रांगेत ४५, पट्ट्यावर बॅग यायला २५, कस्टम्स करून दुसऱ्या टर्मिनलला पोचायला १५. १०० मिनिटं गेली, उरली ३५. छोट्या विमानाचं काउंटर सुटण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधीच बंद होतं. हे सगळं मोठं विमान वेळेवर आलं तर.

एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असले आणि आधीच्या उशिरामुळे पुढचं विमान चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटावर तुम्ही नुसते गैरहजर प्रवासी. पैसे जातात, शिवाय परतीचा टप्पा त्याच तिकिटावर असेल तर बहुतेक वेळा तोही रद्द होतो. हे आधी कुणाच्या लक्षात येत नाही.

वेगळंच काढायचं असेल तर मुख्य बेटावर एक रात्र धरा, तिचा खर्च वाचलेल्या पैशांतून वजा करा आणि मग ठरवा. एकच रात्र परवडत असेल तर ती परतीच्या वाटेवर ठेवा. जाताना छोटं विमान चुकलं तर बेटावरचा एक दिवस जातो. येताना ते रद्द झालं तर २० तासांचं तिकीट हातचं जातं.

सामानसुमान
पहिल्याच काउंटरवर बॅगेला लावलेला टॅग वाचा. त्यावर ठळक छापलेली तीन अक्षरं म्हणजे बॅग जिथवर जाणार त्या विमानतळाचा कोड. वेगळ्या तिकिटात तो शक्यतो मुख्य बेटाचाच असेल, म्हणजे पुढे बॅग तुम्हालाच उचलून पुन्हा द्यायची.

छोट्या विमानात वजनाची मर्यादा फार कडक असते. कुठे १५ किलो, कुठे त्याहून कमी, आणि पुष्कळदा प्रवाशालाही हातातल्या पिशवीसकट काट्यावर उभं करतात. भर दुपारी हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, त्यात धावपट्टी आखूड. मग सामान मागे ठेवून पुढच्या फेरीने पाठवतात. म्हणून औषधं आणि एका दिवसाचे कपडे हातातच हवेत. कडक सूटकेसऐवजी मऊ बॅग घ्या, छोट्या कप्प्यात ती दाबून बसते. पॉवरबँकही हातातच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते. २०,००० एमएएचची ७४ भरते.

समुद्री विमान असेल तर आधी उतरण्याची वेळ बघा. मालदीवमध्ये ती फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी पोचलात की रात्र मुख्य बेटावरच.

दर्यावर्दी
परतीच्या दिवशी डायव्हिंग नको. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो, आणि उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू यांना इजा होते. साध्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केले असतील तर किमान १८ तास थांबावं असा संकेत आहे. मी २४ धरायला सांगेन. शेवटच्या दिवशी स्नॉर्केलिंग खुशाल करा.

पॅसिफिकमधलं बेट असेल तर हॉटेलची तारीख स्थानिक वेळेनेच लावा. फिजी यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १२ तास पुढे, कुक बेटं १० तास मागे. फिजीहून शुक्रवारी दुपारी २ ला सुटलेलं चार तासांचं विमान तिथे गुरुवारी रात्री ८ ला उतरतं. बुकिंग शुक्रवारचं असेल तर ती रात्र खोलीशिवाय.

खाडीकाठ
मग एकाच पीएनआरवर काढतो. आणि परतीला मुख्य बेटावर एक रात्र.

होकायंत्र
ठीक. तिकीट हाती आलं की त्यावरचा सामानाचा रकाना टप्प्यागणिक तपासा. मोठ्या विमानाला २३ किलो आणि छोट्याला १५ असं एकाच तिकिटावरही असू शकतं.