मदत हवी आहे: माल्कमशिवायच्या एसी/डीसीचं तिकीट काढू का?

मंडळी, जरा सल्ला द्या. दादाच्या पन्नाशीला त्याला एसी/डीसी या रॉक बँडच्या शोला न्यायचं डोक्यात आहे, पण तो म्हणतो माल्कम यंग नाही तर तो बँडच नाही. तसं त्याचंही खरंय म्हणा, १९७३ ला सिडनीत माल्कम आणि अँगस या दोघा भावांनी बँड काढला, अँगस शाळेची चड्डी घालून स्टेजभर उड्या मारणार आणि माल्कम मागे अँप्लिफायरजवळ उभा राहून, एक सोडून बाकीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) काढून टाकलेल्या जुन्या ग्रेच गिटारवर रिदम असा धरणार की बास! २०१४ ला स्मृतिभ्रंशामुळे बाहेर पडला, २०१७ ला गेला. आता त्याच्या जागी पुतण्या स्टीवी, जो १९८८ च्या टूरमध्येही वाजवून गेलाय. मला तर घरचाच माणूस म्हणून चालतंय. कोणी हल्लीचा शो पाहिलाय का? रिदम तसाच वाटतो? दादाला पटवू कसं?